ऐतवारच्या बाई

लोणावळे, शुक्रवार, २ सप्टेंबर १९३८

चंद्रिका गेली त्याला आज दोन आठवडे झाले. आज तिचा भाऊ येऊन तिचे सामान घेऊन गेला. सामान म्हणजे शिवणाचे यंत्र. तेवढे त्याने हमालाच्या डोक्यावर दिले आणि लुगडी, भांडी, वळकटी यांच्याकडे हात करून म्हणाला, "हे तुम्हीच कुणा गरिबाला देऊन टाका." इतक्या वर्षांत हा माणूस एकदाही इकडे फिरकला नव्हता. विधवा बहीण नर्स झाली, लोकांची बाळंतपणे काढते, याची त्याला लाज वाटे. यंत्राची वाटली नाही.

मी कधी रोजनिशी लिहिली नाही. बोलायला माणूस होते तोवर गरज पडली नाही. आता खोलीत दुसरे कोणी नाही. शिवाय लोक आतापासूनच चंद्रिकेबद्दल वाटेल ते बोलू लागले आहेत. म्हणून जसे झाले तसे लिहून ठेवते.

आम्ही दोघी पुण्याला एकदम शिकलो. दोघीही लहानपणीच कपाळ पुसलेल्या. लोणावळ्यात हे प्रसूतिगृह निघाले तेव्हा दोघी बरोबरच इथे आलो. मी मुख्य नर्स, ती माझ्या हाताखाली. मागच्या अंगणातली एक खोली दोघींना मिळून. ती मला पमाताई म्हणे. तिची सुट्टी रविवारी असे. सुट्टीच्या दिवशी माणसाने झोपावे, केस धुवावेत. ही सकाळच्या गाडीने वडगावला उतरायची आणि बैलगाडी मिळाली तर बैलगाडीने, नाहीतर पायी आंदर मावळात जायची. टाकवे बुद्रुक आणि त्याच्या पुढच्या वाड्या. पोटुशा बायका तपासायच्या, तिथल्या सुइणींना हात कसे धुवायचे ते शिकवायचे. तिला हे कुणी सांगितले नव्हते.

ऑगस्टातल्या त्या रविवारी पाऊस नुसता कोसळत होता. टाकव्याच्या पुढे एका वाडीत शालूबाई नावाची बाई अडली आहे, असा निरोप आला होता. चंद्रिकेच्या उजव्या हाताच्या बोटाला चीर पडली होती. औषधाची काचेची कुपी फोडताना कापले होते, मीच आयोडीन लावून चिंधी बांधली होती. निघताना तिने रबरी हातमोज्यांचा एक जोड मागितला. मी म्हटले, संस्थेच्या वस्तू बाहेर द्यायच्या नाहीत असा नियम आहे, आणि बोटाला लागलेले असताना जायचेच कशाला? ती म्हणाली, "बरं, पमाताई," आणि छत्री उघडून गेली. तिला कुणाचे ऐकायची सवयच नव्हती.

शालूबाईच्या पोटातले मूल मेलेले होते, आडवे होते, बाई आधीच तापाने फणफणलेली होती. चंद्रिकेने मूल काढले. बाई वाचली. मंगळवारी चंद्रिकेचा हात सुजला, बुधवारी ताप चढला. डॉक्टरांनी पुण्याहून नव्या निघालेल्या तांबड्या गोळ्या मागवल्या. शुक्रवारी दुपारी ती गेली, आणि गोळ्या शनिवारच्या गाडीने आल्या. त्या आता कपाटात आहेत.


मंगळवार, ६ सप्टेंबर

आज कमिटीचे चिटणीस त्र्यंबकराव वकील आले होते. दुखवट्याची सभा घ्यायची म्हणतात. दिवाळीनंतर, कारण अध्यक्ष शेठजी तेव्हा मुंबईहून खंडाळ्याच्या बंगल्यात राहायला येतात. चंद्रिकेची तसबीर लावायची, चार जणांनी बोलायचे. "तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळच्या सहकारी. तुमचे दोन शब्द हवेतच."

याच त्र्यंबकरावांनी दोन वर्षांमागे तिला ऑफिसात बोलावून विचारले होते की तुम्ही खेड्यापाड्यांत हिंडता त्यात संस्थेचे नाव खराब होत नाही ना? मी तेव्हा शेजारी उभी होते. चंद्रिका म्हणाली होती, "नाव मी सांगतच नाही हो संस्थेचं. विचारतंय कोण तिथं!" त्यांना ते झोंबले होते.

मी म्हटले, बोलेन. चांगले बोलेन.


बुधवार, १४ सप्टेंबर

दोन शब्द लिहायला बसले आणि काहीच लिहून होईना. 'कर्तव्यदक्ष', 'सेवाभावी', 'हसतमुख' असे लिहिले आणि खोडले. हसतमुख होती हे खरे, पण कशी, ते सभेत सांगण्यासारखे नाही. एकदा खंडाळ्याच्या एका बंगल्यात बाळंतपणाला गेलो होतो. सासूबाई दारात उभ्या राहून दर घटकेला विचारत, "मुलगा आहे ना? मुलगाच आहे ना?" शेवटी चंद्रिका आतून ओरडली, "अहो, अजून डोकंच आलंय, त्यावर मिशी नाही!" मला लाजेने मेल्यासारखे झाले. बाळंतीण मात्र एवढी हसली की त्या हसण्याच्या कळेसरशी मूल बाहेर आले.

तिच्यावर मी किती चिडत असे तेही लिहिले पाहिजे. ओले लुगडे दोरीवर माझ्या कोरड्या कपड्यांवर टाकायची. बाळंतिणींसाठी केलेले डिंकाचे लाडू आयांच्या पोरांना वाटायची. कामावर असताना गायची, तेही बेसूर. आणि सोमवारी सकाळी, मावळातून चिखलाने भरून आलेली, डोळे लाल, तरी मला त्या वाड्यांच्या गोष्टी सांगत सुटायची. अमकीला मुलगी झाली, तमकीने पहिल्यांदा कात्री उकळून घेतली. मी म्हणत असे, मला काय त्याचे? माझा चहा निवतो आहे.

आज चहा घेताना खोलीत इतके शांत होते की मी तो अर्धा टाकला.


शुक्रवार, २३ सप्टेंबर

आज टाकव्याची सुईण आली. झुंबरबाई तिचे नाव. काळी, उंच, माझ्याहून बरीच मोठी. पाटीत नव्या वरईची पुरचुंडी आणि काकड्या. दारातच बसली, आत ये म्हटले तरी आली नाही.

"ऐतवारच्या बाई गेल्या म्हनं. खरं हाय का?"

मला आधी कळेचना कोण ते. मग कळले. तिकडे तिला ऐतवारच्या बाई म्हणतात. नाव कुणाला माहीतच नाही.

"खरं आहे," मी म्हटले.

तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "आमी वाट बघितली. चार ऐतवार झालं. म्हनलं पावसानं अडल्या आसतील. मग ष्टेशनातला मानूस म्हनला." मग डोळे पुसून, "बाई, आता कोन येनार? तुमी येता का?"

मला त्या प्रश्नाचा इतका राग आला! एक खाल्ली, आता दुसरी पाहिजे. मी म्हटले, "शालूबाई कशी आहे? ठणठणीत?"

"हाय. हिंडती-फिरती."

"तिला आधी का नाही आणलं इकडे? दोन दिवस घरात ठेवून कुजवलीत, आणि मग बोलावणं धाडलंत."

झुंबरबाई म्हणाली, "गाडी कुठनं न्यावी बाई? नदीला पानी किती व्हतं! मानसं पवून आली निरोप घिऊन." मग पाटी उचलली. काकड्या पायरीवर ठेवून गेली. मी त्या आयांना देऊन टाकल्या. वरई ठेवली आहे, का ते मला ठाऊक नाही.


सोमवार, ३ ऑक्टोबर. दसरा

डॉक्टर गंगाधरराव सोने द्यायला आले. आमचे डॉक्टर माणूस म्हणून चांगले, पण मऊ. कुणाला दुखवायचे नाही म्हणून खरेही बोलायचे नाही. नव्या नर्सची व्यवस्था होते आहे म्हणाले, पुण्याची एक मुलगी आहे. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "बाई, आता बाहेर बाळंतपणाला जाईल त्या नर्सबरोबर हातमोज्यांचा जोड देत जा. रिवाजच करून टाका."

मी म्हटले, "कमिटीने नियम बदलला का?"

"नियम?" म्हणाले. मग माझ्याकडे क्षणभर बघून, "तसंच समजा," म्हणून गेले.

बदलायचा होता तर आधी बदलायचा होता. मेल्यावर नियम बदलून काय उपयोग? हेच सभेत बोलायचे. आता मला शब्द सापडले. सेवाभावी, हसतमुख असले काही नाही. एका जोडासाठी या लोकांनी माझे माणूस मारले, हे मी शेठजींच्या तोंडावर सांगणार आहे. नोकरी गेली तर गेली.


रविवार, ३० ऑक्टोबर

सभा झाली. घडले ते क्रमाने लिहिते, कारण संध्याकाळपासून मला ते पुन्हा पुन्हा आठवते आहे आणि दर वेळी थोडे वेगळे आठवते.

प्रसूतिगृहाच्या पुढच्या पडवीत सतरंज्या घातल्या होत्या. गावातले वकील, मास्तर, दुकानदार, बंगल्यातल्या दोन-चार बायका. भिंतीवर शेठजींच्या मातोश्रींची मोठी तसबीर आहे, तिच्या खाली चंद्रिकेची लहान. तसबीर आमच्या दोघींच्या फोटोतून काढली आहे. त्र्यंबकरावांनीच तो माझ्याकडून मागून नेला होता. मला कापून टाकले आहे, पण माझा हात तिच्या खांद्यावर राहिला आहे. कोपराच्या वरचे काही नाही, नुसता हात. बघणाऱ्याला वाटेल कुणाचा हा?

शेठजी बोलले. त्यांना तिचे नाव नीट म्हणता आले नाही, चंद्रकला म्हणाले. मास्तर बोलले. त्र्यंबकराव बोलले, की कैलासवासी चंद्रिकाबाईंनी संस्थेचे नाव मावळच्या कानाकोपऱ्यात नेले. मी ऐकून घेतले. मग माझे नाव पुकारले.

मी कागद काढला नाही. उभी राहिले आणि म्हटले, "चंद्रिकाबाई तापाने मेल्या असे इथे सगळे म्हणाले. त्या तापाने मेल्या नाहीत. त्यांच्या बोटाला जखम होती, त्यांनी हातमोजे मागितले होते, आणि या संस्थेच्या कमिटीचा नियम होता की वस्तू बाहेर द्यायची नाही. त्या नियमाने त्यांना मारले. ज्यांनी नियम केला तेच आज हार घालताहेत."

मला बरे वाटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरे वाटले.

मग त्र्यंबकराव उठले. चढ्या आवाजात बोलले असते तर मला सोपे गेले असते. ते अगदी हळू बोलले. "प्रमोदिनीबाईंचं दुःख आम्ही समजू शकतो. पण सभेचा गैरसमज राहू नये म्हणून सांगतो. असा नियम कमिटीने कधीही केलेला नाही. कपाटातल्या वस्तू कुणाला केव्हा द्यायच्या हे पहिल्यापासून मुख्य नर्सच्या विचारावर सोपवलेलं आहे. प्रमोदिनीबाईंना ते ठाऊक आहे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी डॉक्टरांकडे बघितले. डॉक्टर सतरंजीकडे बघत होते.

मी म्हटले, "नियम होता." माझा आवाज कसा आला ते मला माहीत नाही. त्र्यंबकराव म्हणाले, "बसा बाई, बसा," आणि बंगल्यातल्या एका बाईने माझा हात धरून मला बसवले. मग चहा आणि चिवडा दिला. लोक चिवडा खाऊन गेले.

नियम होता.


मंगळवार, १ नोव्हेंबर

डॉक्टरांना गाठले. म्हटले, "तुम्हीच मला सांगितलं होतं. इथे आलो त्याच वर्षी, याच खोलीत. वस्तू बाहेर द्यायच्या नाहीत."

ते म्हणाले, "बाई, मी म्हणालो होतो, हातमोजे विलायती आहेत, महाग आहेत, जपून वापरा. बाहेर देऊ नका असं मी म्हणालो नव्हतो."

"जपून वापरा म्हणजे दुसरं काय?"

"मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "तुम्हाला काय कल्पना असणार?"

माणसे मागाहून शब्द फिरवतात. कमिटी फिरवते, डॉक्टर फिरवतात. आणि समजा मी नियम समजले आणि तो नियम नव्हता, तरी काय? जी वस्तू आपल्यावर सोपवली ती सांभाळायची नाही? चंद्रिकेच्या हाती किल्ली असती तर चार महिन्यांत कपाट रिकामे झाले असते. सगळा मावळ हातमोजे घालून भात लावत बसला असता!

आणि तिने दुसऱ्यांदा मागितले का नाही? तिला भांडता येत होते. त्र्यंबकरावांशी भांडली, शेठाण्यांशी भांडली. माझ्याशी नुसते "बरं, पमाताई." मला एवढे घाबरत होती का? मी काय वाघ होते?


शनिवार, ५ नोव्हेंबर

ताप नाही, काही नाही, तरी अंग मोडून येते. आयांनी माझ्यासमोर बोलणे बंद केले आहे. मी खोलीत शिरले की गप्प होतात.


रविवार, १३ नोव्हेंबर

आज मी आंदर मावळात जाऊन आले.

का गेले ते सरळ लिहिते. मला त्या शालूबाईला बघायचे होते. जिच्यासाठी हे सगळे झाले ती बाई आहे तरी कशी? तिला चंद्रिकेचे काही वाटते की नाही? तिने दोन अश्रू ढाळले असते तर मला वाटते माझे मन निवले असते.

वडगावला उतरले. गाडी मिळेना, चालत निघाले. भाते कापणीला आली होती, बांधावरून वास येत होता. नदीला आता गुडघाभरच पाणी. चंद्रिका हे सगळे मला सांगायची, वाटेतले वळण न वळण, आणि मी ऐकले नव्हते तरी मला ते ओळखीचे वाटत होते याचाच मला राग आला. टाकव्याला झुंबरबाईचे घर विचारले. मला बघून तिने पाणी दिले आणि ती पुढे चालू लागली.

वाडीत शालूबाई अंगणात खळे सारवत होती. विशी-बाविशीची पोरगी. अंगावर मांस नाही, पण हात भराभर चालत होते. तिचा नवरा भिमाजी शेतावर होता. झुंबरबाईने सांगितले, "ऐतवारच्या बाईंच्या हितनं आल्यात." शालूबाईने शेणाचे हात पुसले, घोंगडे टाकले, आणि खाली मान घालून उभी राहिली.

मी विचारले, "तुला माहीत आहे ना, तुझं बाळंतपण करून गेल्यावर त्या बाई मेल्या?"

"व्हय."

"तुझ्यामुळे मेल्या."

झुंबरबाई म्हणाली, "आवं बाई..."

शालूबाईने मान वर केली. "मानसं सांगत्यात."

"तुला वाईट नाही वाटलं? रडू नाही आलं?"

तिने माझ्याकडे सरळ बघितले. राग नव्हता, काही नव्हते. "माजं लेकरू गेलं तवा रडले, बाई. पयलं लेकरू व्हतं. नऊ म्हैनं पोटात व्हतं. त्याला पुरून आले तवाच डोळ्यातलं सरलं. तुमच्या बाईंचं कळलं तवा काय ऱ्हायलंच न्हवतं. आता तुमी म्हनत आसाल तर रडते."

मी एवढी वाट चालून एका पोर गेलेल्या बाईला रडायला सांगायला आले होते.

झुंबरबाईने मला बाजूला नेले. परड्यात, पेंढ्याच्या गंजीजवळ. हळू बोलली. "मी व्हते तितं. मी म्हनलं, बाई, तुमच्या बोटाला चिंधी हाय, मी घालते हात. त्या म्हनल्या, झुंबरबाई, आडवं हाय ते, तुला न्हाई जमायचं. आन् दातानं चिंधी सोडली. म्हनल्या, चिंधी आत ऱ्हाईल, काढलेली बरी. मी किती म्हनलं."

चिंधी मी बांधली होती. पक्की गाठ मारली होती. दाताने सोडायला बराच वेळ लागला असेल.

परतताना झुंबरबाई नदीपर्यंत आली. पुन्हा तोच प्रश्न विचारील म्हणून मी वाट बघत होते. तिने विचारला नाही.


सोमवार, २१ नोव्हेंबर

नवी नर्स आली. वीस-एकवीस वर्षांची आहे, पायात बूट घालते, इंग्रजीत बोलते. तिला चंद्रिकेची खाट दिली. मला वाटले होते मला सोसणार नाही. पण ती रात्रभर गाढ झोपली आणि सकाळी विचारले, "अगोदर इथे कोण होतं?" मी म्हटले, "होती एक."

कमिटीने माझ्यावर काही कारवाई केली नाही. त्र्यंबकराव भेटले की पूर्वीपेक्षा गोड बोलतात. ती सगळ्यात मोठी शिक्षा आहे आणि त्यांना ते कळत असावे.


गुरुवार, १ डिसेंबर

नव्या नर्सला वलवणला एका बाळंतपणाचे बोलावणे आले. तिने मागितले नव्हते, तरी मी कपाट उघडले आणि हातमोज्यांचे दोन जोड तिच्या पिशवीत घातले. ती म्हणाली, "परवानगी लागत नाही का?"

मी म्हटले, "नाही."

"बरं झालं. पुण्याला फार कटकट असते."

ती गेल्यावर मी कपाट लावले. मग बराच वेळ तिथेच स्टुलावर बसले. आयाने येऊन विचारले, बाई, काही हवंय का? मी म्हटले, तुझं काम कर.


रविवार, ११ डिसेंबर

गेला रविवारही मी टाकव्यातच काढला होता, त्याचे लिहिले नाही. लिहिण्यासारखे काही झाले नाही. झुंबरबाईने दोन पोटुशा बायका दाखवल्या, मी तपासल्या, एकीला पाय सुजतात म्हणून मीठ सोडायला सांगितले. बायका माझ्यासमोर अवघडून बसल्या होत्या. जाताना झुंबरबाई त्यांना हळूच म्हणाली ते मी ऐकले: "ह्या हसत न्हाईत. पर बगत्यात बरूबर."

मी तिकडे दयेने जात नाही, हे इथे लिहून ठेवते. मला दया येत नाही. सभेत बसून चिवडा खाणाऱ्या लोकांनी उद्या माझीही तसबीर लावावी म्हणूनही जात नाही. रविवारी खोलीत बसवत नाही म्हणून जाते.

आज टाकव्यातच रतनबाई नावाच्या बाईचे दिवस भरले होते. मी पोचले तेव्हा कळा सुरू होत्या. तिसरे बाळंतपण, काही अवघड नव्हते. झुंबरबाईने पाणी उकळून ठेवले होते, कात्री त्यातच होती. तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नखांत काडी फिरवली, पुन्हा धुतले आणि पदराला न पुसता तसेच वर धरून उभी राहिली. अगदी चंद्रिकेसारखी, मान थोडी वाकडी करून. मला पुण्याचा तो पहिला वर्ग आठवला. आम्ही दोघी ओळीत अशाच ओले हात वर करून उभ्या होतो आणि चंद्रिका माझ्या कानाशी म्हणाली होती, "पमाताई, देवीचा जोगवा मागतोय असं वाटतंय गं." मला तेव्हा हसू आले होते. माझ्यावर ओरडाही बसला होता. ती पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणत होती, आणि मी तिच्याहून फक्त दोन महिन्यांनी मोठी होते.

दुपार कलता कलता मुलगी झाली. लगेच रडली. मी झुंबरबाईला नाळ कापू दिली.

रतनबाईची सासू म्हातारी, डोळ्यांनी अधू. तिने नातीला मांडीवर घेतले, चाचपले, आणि मला विचारले, "त्या पयल्या बाई तुमच्या कोन व्हत्या?"

मी म्हटले, "सहकारी होत्या."

"म्हंजी?"

"आम्ही एका ठिकाणी काम करत होतो."

"त्ये ठावं हाय. लागत कोन व्हत्या? भन का जाव?"

"नात्याच्या नव्हत्या. कुणी नव्हत्या."

म्हातारीला हे पटेना. "कुनी न्हवत्या तर मंग तुमी कशापायी येता येवढ्या लांब?" झुंबरबाई तिला "गप आत्याबाई" म्हणाली, पण ती गप बसणारी नव्हती. पोर कुरकुरत होते, तिला झोके देत देत ती माझ्याकडे कान करून वाट बघत राहिली.

सभेत मी इतक्या लोकांसमोर बोलले, तेव्हा मला शब्द सापडले होते. इथे एकही सापडेना. मैत्रीण म्हणावे तर मैत्रिणीसारखी मी तिच्याशी वागले का, ते मला सांगता येईना. शेवटी मी म्हटले, "माझी होती."

"मंग तसं म्हना की," म्हातारी म्हणाली, आणि मुलीला पाजायला तिच्या आईकडे दिले.

तिला तेवढे पुरले.